अण्णाप्पांचा डावा गुडघा

"आधी ह्यांचा कापा," प्रभावती म्हणाली, "मग माझा."

डॉक्टर ब्राह्मीनं हातातली फिल्म खाली ठेवली. सांगलीच्या त्या हाडांच्या दवाखान्यात तिनं नाना तऱ्हेचे नकार ऐकले होते, पण हा नवा होता. समडोळीच्या या आजींचा गुडघा सरळच होत नव्हता. आतली गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकला होता. दुर्बिणीनं तो काढला की आजी चालणार. नाही काढला तर पाय कायमचा आखडणार.

"आजी, आजोबांच्या गुडघ्याला काय झालंय?"

"त्ये मला काय ठावं? पन लग्नाला पंचेचाळीस वर्सं झाली. ह्यांच्या आधी मी कवा घास खाल्ला न्हाई. मग आपरेशन कसं करून घिऊ?"

बाकावर बसलेले अण्णाप्पा छताकडं बघत म्हणाले, "भ्या हिला वाटतंय, आन पुढं मला करतीया."

प्रभावती उठली, काठी टेकत चालती झाली. दोन वर्षं तिला बाहुबलीचा डोंगर चढता आला नव्हता. राहिलं तर राहू दे, म्हणाली.

महिनाभरानं दोघं परत आली. या खेपेला लंगडत होते अण्णाप्पा.

"हिचं दुखणं माझ्यात आलं बघा," ते कण्हत खुर्चीत बसले. "डावा गुडघा. लय ठणकतोय."

"दहापैकी किती दुखतंय?"

"नऊ. एक मार्क तुमच्यासाठनं ठिवला."

नुसत्या कण्हण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी ब्राह्मी नव्हती. तिनं एमआरआय करायला लावला. अण्णाप्पा त्या बोगद्यातनं बाहेर आले ते कान चोळत. "आत कुणी गुऱ्हाळ चालू केलंय काय?"

फोटोत सगळं स्वच्छ दिसत होतं. गादीला चांगली बोटभर फाट.

ब्राह्मीचे डोळे चमकले. अशाच ऐंशी गुडघ्यांचा अभ्यास तिच्याकडं चालू होता: गुण खऱ्या ऑपरेशननं येतो, की नुसत्या समजुतीनं? तिनं अण्णाप्पांना नीट समजावलं. निम्म्या लोकांची गादी आतून दुरुस्त करायची, निम्म्यांना गुंगी देऊन कातडीवर नुसती चीर द्यायची. कुणाच्या वाट्याला काय, ते चिठ्ठी ठरवणार. चिठ्ठी पाकिटात बंद. कापणारे सर वेगळे, नंतर तपासणारी ब्राह्मी वेगळी; तिलाही काही कळणार नाही. वर्षानं पाकिटं फोडायची. आजींचा तुकडा अडकलेला, त्यांना ही चिठ्ठी लागू नाही, त्यांचं सरळ ऑपरेशनच.

"म्हंजे लॉटरी," अण्णाप्पा म्हणाले.

"तसंच समजा. मनात नसेल तर नाही म्हणा, राग नाही."

"घाला माझी चिठ्ठी."

प्रभावती पदर तोंडाला लावून ऐकत होती.

ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी अण्णाप्पा हळदीच्या रानात पाणी पाजत उभे. पंधराव्या दिवशी भाच्याच्या वरातीत हलगीपुढं नाचले. तिसऱ्या आठवड्यात धावत जाऊन एसटी पकडली, असं ते सांगतात. एसटी थांबलेलीच होती, असं गाव सांगतं.

"आता बोल," ते बायकोला म्हणाले.

"काय बोलू? चला," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात येऊन तिनं कागदावर सही ठोकली. तुकडा निघाला. चार महिन्यांत पाय सरळ झाला, काठी दाराआड गेली, आणि एका सकाळी प्रभावती बाहुबलीच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढली. वर पोचून तिनं मागं बघितलं, तर अण्णाप्पा निम्म्यावर धापा टाकत बसलेले.

वर्ष झालं. पाकिटं फुटली. ब्राह्मीनं दोघांना मुद्दाम बोलावून घेतलं. आनंदानं तिला स्वतःला खुर्चीत बसवत नव्हतं.

"आजोबा, तुम्हाला फक्त चीर दिली होती! आत कुणी हातसुद्धा लावला नाही! आणि दुखणं नवावरून थेट शून्यावर. ऐंशी जणांत शून्य सांगणारे तुम्ही एकटे. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत मी तुमच्यापासूनच सुरुवात करणार आहे."

अण्णाप्पांचा चेहरा पडला. "अगं," ते बायकोला म्हणाले, "जरा उकळल्यालं पानी मिळतंय का बघ जा."

ती गेल्यावर ते टेबलावर वाकले. "पोरी, माझं नाव काढ त्यातनं. त्यो गुडघा कवाच दुखत नव्हता."

"अहो, पण फोटो! गादी फाटलेली मी या डोळ्यांनी पाहिली!"

"असंल फाटल्याली. सत्तरीत काय फाटल्यालं नसतंय? पन त्या गादीनं मला कवा सांगितलं न्हाई." त्यांनी दाराकडं बघितलं. "ही कापून घ्यायला तयार न्हवती. आधी ह्यांचा म्हणाली, म्हणून... चुकलं माझं. पन तिला कळू दिऊ नगंस. मालकाचा गुण बघून धीर आला, असं सगळ्या गावाला सांगत फिरतीया."

ब्राह्मीनं यादीतल्या त्यांच्या नावापुढं 'वगळा' असा शेरा मारला, आणि हसू आवरेना तशी बाहेर पळाली.

व्हरांड्यात दाराशीच प्रभावती भरलेली बाटली घेऊन निवांत उभी होती.

"काढलं न्हवं ह्यांचं नाव?"

ब्राह्मी जागीच थबकली. "आजी! तुम्हाला माहीत होतं?"

"आवं ताई, हितं आलं की डावा लंगडायचा, घरी गेलं की उजवा. मला डोळं न्हाईत व्हय?"

"मग त्यांना थांबवलं का नाही?"

प्रभावतीनं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "पंचेचाळीस वर्सांत पयल्यांदाच माझ्यासाठनं कायतरी करत व्हते. मधी कशाला बोलू?"