मागच्या गेटचा माणूस

दार उघडंच होतं. दादा आरशासमोर दाढी करत होता आणि खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा शर्ट होता. तो शर्ट पाहून चिमी उंबऱ्यातच थांबली. म्हणजे नवरा म्हणाला ते खरं होतं. तिचा सख्खा भाऊ आज कामगार कोर्टात साक्षीला उभा राहणार होता.

"चिमे, इतक्या सकाळी?" दादानं आरशातूनच विचारलं.

"यायला नको का?"

"ये की. तुझ्या नवऱ्यानं सोडलं, हेच नवल."

दोघा मेहुण्यांचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. फळं डबाबंद करणाऱ्या त्या कारखान्यात दोन युनियन होत्या आणि दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जुनी कायम कामगारांची, दादा तिच्यात. नवी हंगामी कामगारांची; चिमीचा नवरा तिच्यात. फळं आली की हंगामींना बोलवायचं, संपली की घरी बसवायचं, या रीतीवर जुन्या युनियननं मालकाच्या शेजारी बसून खुशाल सही ठोकली होती. त्या दिवसापासून नवऱ्यानं दादाचं नाव टाकलं.

पण खरी गोम वेगळीच होती. हंगाम संपला तरी नवरा आणि त्याच्यासारखे बरेच जण बॉयलर खोलायला, पट्टे बदलायला रोज कारखान्यात जात. मागच्या गेटनं. ना हजेरी, ना पास. मालकाच्या लेखी ते घरी लोळत असत. हे कोर्टात सिद्ध झालं तर ते वर्षभराचे कामगार, म्हणजे कायम. नाही झालं तर मालकानं ठेकेदार बघूनच ठेवला होता. पुढच्या हंगामात बॉयलरवर दुसराच कुणी दिसला असता, आणि नवऱ्याला तर बॉयलरशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं.

मागच्या गेटवर दिवसा वॉचमन असायचा तो दादा. अलीकडेच त्याला रात्रपाळी लावली होती.

नव्या युनियनच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, "साक्षीदार आहे माझ्याकडे, नाव विचारू नका." न विचारताही सगळ्यांना ठाऊक होतं, तो म्हणजे कारखान्यातलाच एक निवृत्त फिटर. बाईंच्या ऑफिसात तो दिसला होता. आता फिटरनं सांगायचं आणि दादानं 'मी कुणाला आत सोडलंच नाही' म्हणून त्यावर पाणी ओतायचं, असा मालकाचा डाव असणार. काल नवरा जेवला नाही. "तुझा भाऊ उद्या साक्षीला चाललाय. रात्रपाळीच्या जोडीदाराला म्हणाला, कोर्टात जायचंय, सकाळी लवकर सोड," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तो रडत होता, ते तिला त्याच्या पाठीवरूनही कळलं.

"दादा, तुझ्या एका शब्दावर माझं घर आहे. कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणून तर रात्रपाळी करून आलो तरी आडवा झालो नाही."

"मग कशाला जातोस?"

"ठरलंय ते ठरलंय. आता मला काही विचारू नकोस. शपथ घातलीय मला."

"कुणी?"

दादा गालावरचा फेस पुसत राहिला.

ती पाया पडायच्या तयारीनं आली होती. पण या भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी हा ऐकायचा नाही. तिच्या तोंडातून खोटं आपोआप बाहेर पडलं.

"अरे, पण तारीख पुढं गेली. तेच सांगायला आले. जज्जसाहेब आजारी आहेत."

दादाचा हात थांबला. "मला कसं कुणी कळवलं नाही?"

"मी कळवतेय ना."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग तो धपकन खाटेवर बसला आणि हसला. "सुटलो बाई. डोळे उघडे राहत नव्हते."

वहिनी मुलांना शाळेत सोडायला गेली होती. चिमीनंच चहा करून दिला. अर्धा कप संपायच्या आत दादा घोरायला लागला. तिनं त्याचा फोन बंद करून उशीखाली सरकवला आणि दार ओढून घेतलं. सख्ख्या भावाला फसवलं याचं तिला फार वाईट वाटत होतं. तरी पाय झपाझप पडत होते.

कोर्टात फिटर पहिल्याच बाकावर बसला होता. त्याला पाहून तिच्या जिवात जीव आला.

"तुझा भाऊ दिसत नाही," नवरा पुटपुटला.

"नाही यायचा तो."

नवऱ्यानं चारचौघांत तिचा हात धरला. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

मालकाचा वकील उठला. "साहेब, हंगाम संपला की गेटला कुलूप. हे लोक आत होते, असं सांगणारा एक तरी माणूस दाखवा."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला पुष्कळ तारखा दिल्या. आज साक्षीदार नसेल तर दावा फेटाळण्याशिवाय माझ्यापुढं इलाज नाही."

"आहे साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "स्वतःची नोकरी पणाला लावून येतोय. म्हणून तर आमच्या माणसांनाही नाव सांगितलं नाही. पुकारा करावा."

तिनं नवऱ्याचा हात घट्ट दाबला आणि फिटरकडे पाहिलं. फिटर मान वळवून सगळ्यांसारखाच दाराकडे बघत होता.

शिपाई दारात गेला आणि कामगारांच्या बाजूचा साक्षीदार म्हणून त्यानं तिच्या दादाचं नाव पुकारलं.