फेरतपासणी

जनावरांच्या पाहणीवाल्या बाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तशी म्हाताऱ्या शिंप्याची धांदल उडाली. कुत्र्याचं पाण्याचं भांडं त्याने मोरीत उपडं केलं, गादी पलंगाखाली सारली आणि बटण कुत्र्याला अंगणात नेऊन खांबाला बांधलं. बटण जन्मात कधी दोरीला बांधला गेला नव्हता. त्याला वाटलं, काहीतरी नवा खेळ असणार. तो शेपूट हलवत बसला.

"हलवू नको रे शेपूट," शिंपी काकुळतीने म्हणाला. "जरा दुःखी दिस की."

गुन्हा बेताचा हवा होता. प्राण्यांच्या छळाचा कायदा शिंप्याने जवळजवळ पाठ केला होता. मारहाण दिसली की जनावर उचलून नेतात. पाणी नाही, अंथरूण नाही, एवढंच असलं तर नुसती ताकीद, आणि आठवड्याने फेरतपासणी. मागच्या थंडीत कोणाच्या तरी चुकीच्या तक्रारीवरून या बाई आल्या होत्या. खुर्चीत टेकल्या, चहा घेतला, गुडघ्याचं कसं काय म्हणून विचारलं. त्यानंतर त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. मुलगा फोन करायचा, नाही असं नाही. पण फोन काही खुर्चीत येऊन बसत नाही. म्हणून यंदा शिंप्याने स्वतःच, फोनवर आवाज बदलून, आपल्याच विरुद्ध तक्रार ठोकून दिली होती.

"काका, पुन्हा तक्रार आहे," बाई अंगणात येत म्हणाल्या. "कुत्र्याला पाणी नाही, उघड्यावर बांधता, आणि घरातून रात्रभर रडण्याचा आवाज येतो म्हणे."

"खरंय. अगदी खरंय. चुकलंच माझं."

"एवढ्या झटक्यात कबूल करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

त्या बटणपाशी उकिडव्या बसल्या, आणि शिंप्याला आपली चूक दिसली. भांडं लपवलं, गादी लपवली, पण बटणच्या अंगावरचा कोट तसाच राहिला होता. राखाडी लोकरीचा, आतून मऊ अस्तर, कडेने हाताची तुरपाई. म्हाताऱ्या कुत्र्याचे खांदे दुखतात म्हणून तिथे जादा कापड सोडलेलं. रोज सकाळी स्वतःचा सदरा घातला की तो बटणला कोट चढवायचा. तो काढायची गोष्ट असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

बाईंनी तुरपाईवरून बोट फिरवलं. मग दोरीचं टोक हलकेच ओढलं. सुरगाठच ती, लगेच सुटली. बटण तडक घरात गेला, पलंगाखाली डोकं घातलं आणि आपली गादी दातांत धरून बाहेर ओढू लागला.

"घरचा भेदी," शिंपी पुटपुटला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी डावीकडच्या दाराकडे पाहिलं, मग उजवीकडच्या. दोन्हीकडे गंजलेली कुलपं.

"रडणं ऐकलं कोणी, काका? इथं तर कोणी राहत नाही."

शिंप्याने सुटलेली दोरी गुंडाळायला घेतली.

"आणि हा रडतो तरी का?"

"छे हो. याचा घसा कधीचाच गेलाय. आवाजच फुटत नाही त्याला."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. बाईंच्याही आलं.

"मग रात्री..." त्यांनी सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

"चहा टाकतो," शिंपी घाईने म्हणाला.

"आज नको, काका. पलीकडच्या वस्तीत एक घोडा खरंच उपाशी आहे." बाई उठल्या. "आणि खरं सांगू? माझं काम जनावरांपुरतं. याचे काही हाल होत नाहीयेत. तक्रार खोटी. मला पुन्हा येता यायचं नाही."

"बरोबर आहे," शिंपी म्हणाला. आत पाहत तो सावकाश म्हणाला, "त्याचं बरं चाललंय. त्याला मी आहे."

बटण गादीवर गोल फिरून आडवा झाला होता. बाई फाटकापर्यंत गेल्या. कडी काढली. तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"काका, तो कोट. खांद्यात काचतोय त्याला. काचणारा कपडा चढवणं, तोही छळच धरतात. उसवून नीट करा. पुढच्या आठवड्यात येऊन बघावं लागेल मला."

शिंप्याचं डोकंच फिरलं. उभ्या आयुष्यात त्याच्या शिवणीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. भल्याभल्यांचे कोट त्याने बेतले, एकाचाही खांदा दुरुस्तीला परत आला नाही, आणि हा काचतोय? खांद्यात? कात्री लावायच्या आधी त्याने चारदा माप घेतलं होतं. ते सगळं सांगायला त्याने तोंड उघडलं.

बाई वळून त्याच्याकडे बघत होत्या.

"काचत असेल," शिंपी म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "फारच काचत असेल हो. शिवणच बिघडलीय माझी."