स्फोट झालाच नव्हता

विमान आकाशातच फुटलं आणि एका क्षणात सगळं संपलं, असं सरकारी अहवालात लिहिलं होतं. सुताराची बायको त्याच विमानात होती. विमान कंपनीच्या यंत्रातला बिघाड लपवायला मारलेली ही थाप आहे, असं जो तो म्हणत होता, आणि सगळ्यांनी मिळून सुतारालाच पुढे केलं. त्यानेही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

आज नव्या चौकशीत लोकांचंच खरं ठरलं. स्फोट झालाच नव्हता. बिघडलेलं विमान बराच वेळ घिरट्या घालून मग कोसळलं होतं.

सुताराच्या दुकानात मुंगी शिरायला जागा उरली नाही. "बोललो नव्हतो, भाऊ, पाणी कुठेतरी मुरतंय म्हणून?" शेजारचा गॅरेजवाला त्याच्या पाठीवर थाप मारत ओरडला. "शेवटी नाक घासायला लावलंस त्यांना! आता बोल की दोन शब्द!"

भिंत आणि गर्दी यांच्यात दाबला गेलेला सुतार कितीतरी दिवसांनी हसला. तेवढ्यात लोकांच्या पायांमधून वाट काढत त्याची धाकटी लेक आली आणि तिने त्याचा सदरा ओढला.



"बाबा, मग तेवढा वेळ आई काय करत होती?"