एक पॉइंट दहा

अठ्ठ्याण्णव साली संगमनेरच्या आमच्या कॉलेजात लॅबमधले दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडले, पण दहावा काही केल्या चालेना. लॅबचं काम पाहणारे गणिताचे बोरुडे सर रोजंदारीवरच्या वायरमनला म्हणाले, "छगनराव, वायर तुम्ही जोडलीत. पाचपर्यंत चालू नाही झालं, तर उद्यापासून येऊ नका."

तिसऱ्यांदा वायर तपासून छगनमामा माझ्याकडे वळले. "मॅडम, वायर चांगली हाय. पत्ते तुमच्या लिस्टपरमानंच टाकलेत."

ती यादी मी स्प्रेडशीटमध्ये करून छापली होती. जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा वेगळा पत्ता लागतो. सगळ्या पत्त्यांची सुरुवात सारखीच, म्हणून फक्त शेवटचे आकडे टाइप केले होते: १.१, १.२, १.३... मी दहावी ओळ पाहिली. तिथं १.१ छापलं होतं. मी १.१० टाइप केलं होतं. स्प्रेडशीटला तो दशांश वाटला आणि तिनं शेवटचं शून्य उडवलं. पहिल्या आणि दहाव्या कॉम्प्युटरला एकच पत्ता गेला होता.

पाचला दहा मिनिटं होती. "सर, चूक माझ्या यादीत आहे," मी कसंबसं सांगितलं.

सरांनी यादी पाहिली. "एक पॉइंट दहा आणि एक पॉइंट एक एकच असतं. मला गणित शिकवता? यांना वाचवायला काहीही सांगाल."

मामा पक्कड पिशवीत टाकत होते. "सर, तुमचा प्लॉट गट नंबर एकमधला धा नंबरचा ना? तितं उद्या पयल्या प्लॉटवाला ऱ्हायला आला, तर गणितात एकच म्हणून घरात घ्याल व्हय?"

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि यादीच्या शेवटच्या ओळीत शून्य लिहिलं.