शेजारची जागा

लेक वर्षाराणीनं अमेरिकेहून बिझनेस क्लासची तिकिटं पाठवली, तेव्हा दानम्मानं नवऱ्याला एकच अट घातली होती. "येवढा वेळ आभाळात ऱ्हायचं म्हनजे मला लई भ्या वाटतं. तुमी शेजारी बसनार असाल तरच येते."

म्हणून दिंद्रुडच्या घरी, भर दुपारी, रुद्रप्पा मोबाइलवर जागा निवडत होते. विमान रिकामंच दिसत होतं. त्यांनी दानम्माला खिडकीची जागा दिली आणि शेजारच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. तो लगेच राखाडी झाला. जागा गेली होती.

त्यांनी दानम्माला मागच्या रांगेत हलवलं. तिथंही तिच्या शेजारचीच जागा गेली. पुढं आणलं, तरी तेच. बाकी सगळं विमान हिरवंगार होतं. आपलंच काहीतरी चुकत असेल, असं रुद्रप्पांना वाटलं. त्यांना नेहमी तसंच वाटायचं.

"कुनीतरी तुज्या मागंच लागलंय बग," ते हसत म्हणाले.

दानम्मा हसली नाही. "मंग तुमी दुसरीकडं बसा की."

"आन् तुला भ्या वाटंल त्ये?"

"आता न्हाई वाटत."

तिचा निवांत आवाज रुद्रप्पांना लागला. ते खुर्चीवरून उठले आणि दिवाणावर तिच्या शेजारी बसायला वाकले.

दानम्मानं झटकन तिथं रुमाल टाकला, एसटीत जागा धरतात तसा. रुमाल गादीला टेकलाच नाही. मांडीच्या उंचीवर तो अलगद थांबला.

"मानूस हाय हितं, भाऊ," ती नवऱ्याला म्हणाली.