अडकलेला लिमिट स्विच

टेबल टोकाला पोचलं की सीएनसी मशीन थांबवणारा लिमिट स्विच अडकला होता. ऑपरेटर असलेला जावई आत वाकून स्विचभोवतीचा लोखंडाचा कीस काढत होता. मशीनच्या पाठीमागे पॅनल उघडून उभे होते त्याचे सासरे, कारखान्याचे जुने फिटर. सकाळीच ते लेकीला दवाखान्यात पाहून आले होते. डोळा सुजून बंद झालेला, हात प्लॅस्टरमध्ये.

"मामा, माझे दोन्ही हात आत आहेत हां! चुकून चालू कराल!" जावई ओरडला.

सासऱ्यांचं बोट चालूच्या बटणावर क्षणभर थांबलं. मग त्यांनी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि मशीनला वळसा घालून पुढे आले.



"उद्या कुणी याला अपघात म्हणायला नको, जावईबापू," असं म्हणत त्यांनी मोठा पाना उचलला आणि त्याच्या बोटांवर हाणला.