न फुटलेलं मडकं

मडकं फुटलं नाही. जानरावच्या चितेभोवती फेरे झाले, भोकं पाडून झाली, आणि त्याच्या मुलानं, भिवाजीनं, मागे न बघता ते खांद्यावरून सोडलं. मडकं खडकावर आपटलं, गडगडत आलं आणि भिवाजीच्या टाचेला टेकून थांबलं. शेवटी कुणीतरी धोंडा घालून त्याचे तुकडे केले. लोक खाली मान घालून किन्हीराजात परतले.

परतले ते गप्प बसायला नव्हे. बापाचं मडकं पोटच्या पोराच्या हातून फुटतंच, असं एक म्हातारा पारावर बोलला. गावाच्या जिभेला हाड नसतं. भिवाजी जानरावचा नाहीच, हे संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं. तेराव्याच्या आत जऊळक्याहून निरोप आला. भिवाजीची ठरलेली सोयरीक मोडली. त्यानं आईला काही विचारलं नाही. फक्त तिच्या हातचं जेवणं सोडलं.

त्याची आई विमलबाई एकटी असली की तिला ते गडगडणं ऐकू यायचं. उंबऱ्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. नवरा जाब विचारायला आलाय, असं तिला वाटे. ज्यानं जन्मात संशय घेतला नाही, त्याचीच आता भीती वाटते म्हणून तिला रडू फुटे.

मडकं जगदेव कुंभाराच्या घरचं होतं. ती त्याच्या अंगणात आली.

"जगदेवभाऊ, पारावर चालून सांगा, मडक्यातच खोट होती."

"वयनी, खोट असली तं मडकं फुटते. न फुटाले कोनती खोट लागते?" जगदेव तिच्याकडे बघत नव्हता. गावाचं म्हणणं त्यालाही पटलं होतं. "माह्यं कोनतंही मडकं खांद्यावरून पडलं का फुटते. मी खोटं कसं बोलू?"

ती हलली नाही. तेव्हा तिची खात्री पटावी म्हणून त्यानं ओळीतलं एक मडकं उचललं आणि खांद्यावरून सोडलं.

ते गडगडत चुलीपाशी गेलं. त्यानं दुसरं उचललं, डोक्यावर धरून आपटलं. काठाचा टवका उडाला, एवढंच. जगदेवनं तिसरं उचललं. लोकांची मडकी फुटतात म्हणून तर त्याचं पोट भरत आलं होतं.

"टाकू नका. फुटनार नाहीत ते." त्याची बायको भागिरथा दारात उभी होती. माती तीच मळायची.

दुष्काळाच्या साली त्यांचा मुलगा देवमन हगवणीनं गेला. त्याच्या चितेमागे जगदेवनं स्वतः मडकं फोडलं होतं. ते तुकडे गुरांच्या खुरांखाली येतील, हे भागिरथाला सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ते पदरात वेचून आणले, जात्यावर दळले आणि मातीत मिसळले. पुढे गावात कुणीही गेलं की ती स्मशानघाटावर जायची, आणि मातीतलं ते पीठ दर वेळी वाढत गेलं.

"भरडा घातला तं भेग मोठ्या खड्याच्या कडेनं सरळ धावते," ती म्हणाली. "पिठावानी दळलं का तिले दर कनापाशी वळा लागते. मंग थकते, थांबते. हे मले मांगून समजलं. म्या तं लेकरू हाताले टोचू नये म्हनून बारीक दळलं होतं."

जगदेवनं हातातलं मडकं खाली ठेवलं. "मसनातली माती! सारं गाव त्यातलं पानी पिऊन राह्यलं. समजलं तं आपल्याले गावात ठेवतीन का?"

दोघंही विमलबाईकडे बघू लागले. तिनं तोंड उघडलं की भिवाजी जानरावचाच ठरणार होता, आणि कुंभाराचं घर उठणार होतं. विमलबाई मडक्यांच्या ओळीकडे बघत राहिली.

"कोनाकोनाचं हाये यात?"

"तवापासून गेले त्या साऱ्यायचं."

विमलबाईनं डोळे पुसले. "उद्या पारावर चार मडके आपटून दाखवा, भाऊ. फुटले नाही का लोक समजतीन. काहून फुटत नाहीत इचारलं, तं माती चांगली लागली म्हना."

मग तिनं भागिरथाचा हात धरला.

"यांच्या मडक्याचे तुकडे अजून घाटावरच पडून हायेत. चाल, वेचून आनू. दळाले मी बसतो."